कपाटातल्या कॅसेट्स : घरगुती चित्रीकरणाचा इतिहास आणि आपण

हलत्या चित्राचा नाद मराठी माणसाला पहिल्यापासून आहे. मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे व्यवसायाने छायाचित्रकार. १८९६ साली ल्युमिएर बंधूंचे खेळ मुंबईत झाले आणि त्यानंतर सावेदादांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या एका कुस्तीचे त्यांनी चित्रण केले. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले, तेव्हा मुंबईत झालेले त्यांचे स्वागतही त्यांनी टिपले. एक कुस्ती आणि एक सत्कार. नीट पाहिले तर हे विषय आपल्या घरगुती व्हिडिओचेच आहेत. आपल्या गावात, आपल्या माणसांचे, आपल्या डोळ्यांसमोर जे घडले ते जपून ठेवावे, एवढीच त्यामागची इच्छा.

ती चित्रणे आज उपलब्ध नाहीत. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच हाती राहिला आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे फाळक्यांनंतर अर्धे शतक उलटून गेल्यावर. तोपर्यंत बरेच काही जळून, विरघळून किंवा भंगारात जाऊन संपले होते. चित्र टिपण्याची हौस आपल्याकडे लवकर आली, ते सांभाळण्याची शिस्त मात्र उशिरा आली. हेच आता आपल्या घरोघरी पुन्हा घडते आहे, म्हणून यंदाच्या स्मरणिकेत हा विषय घेतला.

निमित्त घडले ते मंडळाच्या कार्यालयातले लोखंडी कपाट आवरण्याचे. जुन्या वर्गणीच्या पावत्या, नाटकांच्या संहिता आणि झांजांच्या जोडीबरोबर एक खोकेभर व्हिडिओ कॅसेट्स निघाल्या. काहींवर बॉलपेनने 'गणेशोत्सव ९२', 'बालनाट्य', 'हळदीकुंकू' असे लिहिलेले होते, काही कोऱ्याच होत्या. आमच्यापैकी काहींनी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेली, त्यामुळे हे काम साहजिकच आमच्याकडे आले. त्या कॅसेट्स डीव्हीडीवर आणताना जे समजले, जे वाचनात आले, ते इथे क्रमाने मांडतो.

फिल्मचे थोडे दिवस

व्हिडिओच्या आधी घरगुती चित्रीकरण म्हणजे ८ मिलिमीटरची फिल्म. कोडॅक कंपनीने ती १९३२ साली बाजारात आणली आणि १९६५ मध्ये 'सुपर ८' काढली. पन्नास फुटांच्या एका काडतुसात जेमतेम साडेतीन मिनिटांचे चित्रण मावत असे, आणि तेही बहुधा मुके. फिल्म धुण्यासाठी पाठवायची, ती परत आली की प्रोजेक्टर लावायचा, भिंतीवर पांढरी चादर टांगायची. हा खर्च फारच थोड्या घरांना परवडण्यासारखा होता. सामान्य नोकरदाराच्या घरी तेव्हा वर्षातून एकदा स्टुडिओत जाऊन काढलेला कुटुंबाचा फोटो हीच चैन होती.

व्हीसीआर आला

सोनीने १९७५ साली बीटामॅक्स आणले आणि पुढच्याच वर्षी जेव्हीसीने व्हीएचएस. दोघांची स्पर्धा दहाएक वर्षे चालली आणि व्हीएचएसने बाजी मारली. आपल्याकडे खरी लाट आली ती १९८२ नंतर. त्या वर्षी दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि दूरदर्शन रंगीत झाले. रंगीत टीव्हीच्या मागोमाग व्हीसीआर आला. ज्यांनी ऐंशीचे दशक पाहिले आहे त्यांना भाड्याने आणलेला व्हीसीआर, रात्रभरात तीन पिक्चर आणि दिवाणखान्यात सतरंजीवर दाटीवाटीने बसलेला अख्खा वाडा आठवत असेल.

त्याच यंत्राने लग्नाचे व्हिडिओ शूटिंग सुरू केले. सुरुवातीला कॅमेरा वेगळा आणि खांद्याला लटकवलेला रेकॉर्डर वेगळा, अशी दोन माणसांची वरात असे. १९८३ साली सोनीने दोन्ही एकत्र करून 'बीटामूव्ही' काढला. त्यात चित्रण होत असे, पण काय टिपले ते त्याच कॅमेऱ्यात पाहता येत नसे. १९८४ मध्ये जेव्हीसीने छोट्या व्हीएचएस-सी कॅसेटचा कॅमेरा आणला. १९८५ मध्ये व्हिडिओ ८ आला आणि कॅसेट साध्या ऑडिओ कॅसेटएवढी झाली. १९८९ मध्ये सोनीचा हँडीकॅम पासपोर्टच्या आकाराचा म्हणून गाजला, त्याचे वजन होते ७९० ग्रॅम. त्याच वर्षी अधिक स्पष्ट चित्र देणारा हाय ८ आला. आपल्या इंदूरमध्ये हे छोटे कॅमेरे पोहोचले ते बहुतेक आखातात किंवा अमेरिकेत गेलेल्या मुलांच्या आणि जावयांच्या सामानातून.

आमच्या हाताखालून गेलेल्या कॅसेट्समध्ये त्यामुळे स्पष्ट दोन जाती दिसतात. एक शूटिंगवाल्याची. त्यात हॅलोजनच्या झोताने डोळे मिटलेले वऱ्हाडी असतात, बदामाच्या आकारात नवरा-नवरी असतात, आणि 'मिक्सिंग' करताना सगळ्या समारंभावर सिनेमाची गाणी चढवलेली असतात. मंगलाष्टके कोणी म्हटली, विहिणींनी काय चेष्टा केली, नाव घेताना नवरी कुठे अडखळली, ते सगळे गाण्याखाली कायमचे पुसले गेले. दुसरी जात घरातल्या हौशी माणसाची. तिच्यात कॅमेरा हलतो, मध्येच पाच मिनिटे नुसती जमीन दिसते, डोकी कापली जातात. पण आवाज खरा असतो. आजी स्वयंपाकघरातून ओरडते, कुणी 'अरे, चालू आहे का हे?' म्हणून विचारते, आरतीत शेवटचे कडवे कोणाला येत नाही ते सगळे ऐकू येते.

इतिहासाच्या दृष्टीने ही दुसरी कॅसेट मोलाची, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. होळकरांच्या काळापासून इथे राहिलेल्या घरांची बोली ही पुण्याची बोली नाही. 'येऊन राहिलो', 'करून राहिलो' म्हणणारी, हिंदी आणि माळवीचा वारा लागलेली आपली मराठी छापील पुस्तकात फारशी सापडत नाही. ती जुन्या माणसांच्या तोंडीच होती. तिचा पुरावा कुठे असेल तर अशा हलणाऱ्या, वेड्यावाकड्या कॅसेटमध्येच.

शहराचेही तसेच. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या निघतात, त्यासाठी रात्रभर रस्त्याच्या कडेला बसायचे, हे इंदूरकराला सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. पगार थांबला, तरी कामगारांनी झाँकी थांबू दिली नाही. त्या वर्षांचे, मिलच्या आधीचे आणि नंतरचे चित्रण कोणत्या सरकारी दप्तरात किती असेल ते असो, आपल्या घरांच्या कपाटांत ते नक्की आहे. १९८४ च्या आगीनंतरचा, पुन्हा उभा राहण्यापूर्वीचा राजवाडाही अशाच एखाद्या कॅसेटमध्ये लहान मुलाच्या खांद्यामागे सहज दिसून जातो.

फितीवर चित्र कसे राहते

थोडे यंत्राविषयी. व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर चिकट द्रव्यात कालवलेले लोहाच्या ऑक्साइडचे कण पसरलेले असतात. फीत पुढे सरकते ती सेकंदाला अडीच सेंटिमीटरपेक्षाही कमी. एवढ्या संथ फितीवर चित्र मावणे शक्य नाही, म्हणून ती तिरप्या बसवलेल्या गोल ड्रमवरून नेतात. तो ड्रम आपल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फेरे घेतो आणि त्यावरची दोन हेड्स फितीवर तिरपे पट्टे ओढत जातात. कॅसेट लावल्यावर चित्रावर पांढऱ्या रेघा आल्या की आपण 'ट्रॅकिंग'चे बटण फिरवत असू. हेड त्या तिरप्या पट्ट्यावर बरोबर बसवण्याचीच ती खटपट.

म्हणजे कॅसेट दर वेळी पाहताना हेड फितीला घासते. जितकी आवडती कॅसेट, तितकी ती लवकर झिजते. शिवाय एका कॅसेटवरून दुसरी केली की चित्र फिके होते, दुसरीवरून तिसरी केली की आणखी फिके. बहिणीच्या लग्नाची मूळ कॅसेट सासरी गेली आणि माहेरी नक्कल राहिली, तर माहेरच्या कॅसेटमधला शालू लाल की केशरी हे सांगणे कठीण.

ही अडचण सोडवली डिजिटल पद्धतीने. १९९५ मध्ये मिनी डीव्ही कॅसेट आली. फीतच, पण तिच्यावर चित्र आकड्यांच्या रूपात. कॅमेऱ्यातून फायरवायरच्या तारेने ते संगणकात उतरवले तर मूळ आणि नक्कल यांत फरक राहत नाही. तासाभराच्या चित्रणाला साधारण १३ जीबी जागा लागते. त्या काळी संगणकाची हार्ड डिस्कच वीस-चाळीस जीबीची असे, त्यामुळे हे काम घरी करणे सोपे नव्हते.

सीडी, मग डीव्हीडी

मधल्या काळात व्हिडिओ सीडीने आपल्या देशात चांगलेच बस्तान बसवले. १९९३ मध्ये ठरलेल्या या पद्धतीत एका सीडीवर सुमारे ७४ मिनिटे मावत. चित्राचे ठिपके ३५२ गुणिले २८८, म्हणजे जेमतेम व्हीएचएसच्या बरोबरीचे, आणि हालचाल जलद झाली की चौकोन-चौकोन दिसत. तरी लग्नाच्या अल्बमबरोबर दोन-तीन सीड्या देण्याची पद्धत पडून गेली.

डीव्हीडी जपानमध्ये १९९६ च्या नोव्हेंबरात आली. एका थराच्या तबकडीत ४.७ जीबी जागा, चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे. सुरुवातीला ती विकत घेऊन पाहण्याचीच वस्तू होती. सामान्य माणसाला घरी डीव्हीडी लिहिता येईल अशी यंत्रे २००१ च्या सुमारास बाजारात आली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत जेल रोडच्या बाजारात कोऱ्या डीव्हीडी पन्नासाच्या चळतीने मिळू लागल्या. कॅसेट मागे-पुढे करत बसायला नको, यादीतून 'सीमांतपूजन' निवडले की तेच समोर, लेझरचा किरण तबकडीला स्पर्श करत नाही म्हणून झीज नाही. लोकांना वाटले, आता प्रश्न कायमचा सुटला.

काम मात्र वाटते तितके झटपट नाही. संगणकात फाइलची नक्कल काही मिनिटांत होते, कॅसेटची होत नाही. तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन तास ती चालवायलाच हवी. व्हीसीआरमधून पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन वायरी काढून कॅप्चर कार्डाला जोडायच्या, पिवळीतून चित्र आणि उरलेल्या दोनांतून आवाज. चित्रण संगणकात आले की नको ते कापायचे, मग ते एमपेग-२ या पद्धतीत दाबून बसवायचे. इथे हिशेब करावा लागतो. एका डीव्हीडीवर तासाभराचे चित्रण घातले तर ते उत्तम दिसते, दोन तासांचे बरे दिसते. चार तास कोंबले तर आरतीच्या ज्योतीसुद्धा ठिगळांसारख्या दिसतात. पैसे वाचवण्यासाठी अनेकांनी चार-चार तास कोंबून घेतले आणि मूळ कॅसेट टाकून दिली. अशी निकृष्ट नक्कल हीच आता त्या घरांची एकमेव प्रत आहे.

आणखी एक बारकावा. परदेशस्थ मुलांनी पाठवलेल्या कॅसेट्स बहुधा अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीच्या असतात. त्या आपल्या साध्या व्हीसीआरवर लावल्या की चित्र गरगर वर सरकते किंवा काळेपांढरे होते. कॅसेट बिघडली असे समजून लोक ती बाजूला टाकतात. ती बिघडलेली नसते, दोन्ही पद्धती चालवणारे यंत्र मिळाले की नीट दिसते.

मोडीचा धडा

आता खरा प्रश्न. फितीतले चिकट द्रव्य दमट हवेने सुटते, कण झडतात, फीत एकमेकींना चिकटते. माळव्यातला पावसाळा आणि बंद कपाट यांची गाठ पडली की फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. कॅमेऱ्यातले रबरी पट्टे विरघळून डांबरासारखे होतात. त्यात यंत्रेच संपत आली. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले. ध्वनी आणि दृश्य संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने युनेस्कोच्या सहकार्याने २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी धोक्याची सूचना दिली. २०२५ च्या सुमारास या फिती वाचणे व्यवहारात अशक्य होत जाईल, कारण यंत्रे, सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात तिन्ही संपत चालले आहेत, असा त्याचा आशय.

आपल्याला हे नवे नाही. इथल्या किती तरी जुन्या घरांत रुमालात बांधलेले मोडी कागद आहेत. सनदा, हिशेब, खासगी पत्रे. कागद शाबूत, शाई स्पष्ट, पण घरात वाचणारा एकही नाही. व्हिडिओ ८ ची कॅसेट आणि मोडीचा रुमाल यांची अवस्था एकच आहे. मोडी निदान डोळ्यांना दिसते, शिकून वाचता येते. कॅसेट तर यंत्राशिवाय नुसता प्लास्टिकचा डबा.

आणि डीव्हीडी? घरी लिहिलेली डीव्हीडी दुकानात मिळणाऱ्या सिनेमाच्या डीव्हीडीसारखी नसते. तिच्यात रंगद्रव्याचा एक थर असतो आणि लेझर त्या थरावर खुणा करतो. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी तो थर खराब होतो. २००३-०४ साली हौसेने करून घेतलेल्या डीव्हीड्या आज वीस वर्षांच्या झाल्या आहेत. काही उत्तम चालतात, काही मध्येच अडकतात, काहींना यंत्र ओळखतच नाही. नव्या लॅपटॉपला तर तबकडी घालायला फटच नसते. म्हणजे जे कायमचे सुटले असे वाटले होते, ते पुन्हा हातात घ्यायची वेळ आली आहे.

यावरचा उपाय आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. पोथी जीर्ण झाली की नवी नक्कल करायची. ज्ञानेश्वरी सातशे वर्षे टिकली ती कोणत्या एका कागदाच्या बळावर नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी ती पुन्हा लिहून काढली म्हणून टिकली. चित्रफितीलाही हाच नियम लागू आहे. टिकाऊ वस्तू अशी नसतेच, नक्कल करण्याची परंपरा तेवढी टिकते.

काय करावे

अनुभवावरून काही गोष्टी सुचवतो.

१. आधी कॅसेट्स, मग डीव्हीड्या. त्यातही व्हिडिओ ८, हाय ८ आणि व्हीएचएस-सी यांना पहिला मान द्यावा, कारण त्यांची यंत्रे सर्वांत दुर्मीळ आहेत. डिजिटल ८ चे अनेक कॅमेरे जुन्या व्हिडिओ ८ कॅसेट्सही चालवतात, घरात असा कॅमेरा पडून असेल तर तो भंगारात देऊ नये.

२. बुरशी दिसणारी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. ती हेड्स खराब करते आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. तिची सफाई जाणकाराकडूनच करून घ्यावी.

३. कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी तोडून ठेवावी. मग तिच्यावर चुकूनही दुसरे रेकॉर्डिंग होत नाही.

४. छोट्या तबकडीवर लिहिणारे डीव्हीडी कॅमेरे काही घरांत होते. त्या तबकड्या 'फायनलाइज' केलेल्या नसतील तर दुसऱ्या यंत्रावर चालत नाहीत. त्यासाठी तोच कॅमेरा लागतो.

५. डीव्हीडी जरूर करावी, घरच्या वडीलधाऱ्यांना ती लावणे सोपे जाते. पण मूळ चित्रणाची फाइल हार्ड डिस्कवर ठेवावी आणि तिची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. शूटिंगवाल्याकडून नुसती तबकडी घेऊन थांबू नये, फाइलही मागून घ्यावी.

६. नक्कल झाली तरी मूळ कॅसेट टाकू नये.

सातवी गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. कॅसेट चालवायला जितका वेळ लागतो तितका वेळ घरातल्या ज्येष्ठ माणसाला शेजारी बसवावे आणि वही घेऊन विचारत जावे. ही कोण, तो कोण, हे घर कोणाचे, या नऊवारीतल्या बाई कोणाच्या आत्याबाई. मंडळाच्या १९९२ च्या कॅसेटमध्ये बालनाट्यातली बारा मुले दिसतात. आम्हाला त्यांतली चार ओळखता आली. उरलेली आठ ओळखली ती लोकमान्यनगरातल्या एका काकूंनी, त्यांनीच त्या मुलांना रंगवले होते. त्या काकू नसत्या तर चित्र स्पष्ट असूनही ती मुले अनोळखीच राहिली असती. फीत वाचवायला यंत्र लागते, पण चेहऱ्याला नाव द्यायला माणूस लागतो, आणि त्या माणसांचे वयही फितीबरोबरच वाढते आहे.

मंडळाच्या कॅसेट्सचे काम निम्म्याहून अधिक झाले आहे. उत्सवाच्या दिवसांत संध्याकाळच्या आरतीनंतर सभागृहात रोज त्यातला थोडा भाग दाखवण्याचा विचार आहे. सभासदांनी आपापल्या घरच्या कॅसेट्स, विशेषतः झाँक्या, जुने वाडे, शाळांची स्नेहसंमेलने आणि घरातल्या वृद्धांचे बोलणे असलेल्या, नक्कल करून घेण्यासाठी आणाव्यात. कॅसेट परत मिळेल, डीव्हीडी आणि फाइलही मिळेल. शक्य असेल तर घरातल्या आजी-आजोबांनाही बरोबर आणावे. त्यांच्यासाठी खुर्ची आणि चहा मंडळाकडून.

गणपती बाप्पा मोरया!